तिसरी पुकार

माझं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय. ऱ्हस्व-दीर्घ मला आजवर कळलं नाही, आणि मधेच एखादा हिंदी शब्द घुसला तर तो घुसला हेही कळत नाही. ज्याच्या हाती हे कागद पडतील त्याने तेवढं माफ करावं. आमच्या भागात मराठी शाळा चौथीपर्यंतच होती, पाचवीपासून हिंदी. वर्गात उभं राहून हिंदी बोलायची मला इतकी लाज वाटायची की मी घरीच बसले. माफी मी एवढ्याचीच मागते. पुढे जे लिहिते आहे त्याची मागणार नाही.

मटर आला आहे. आमच्या जबलपूरला हिवाळा थंडीने येत नाही, मटराने येतो. पाटनकडून, सिहोऱ्याकडून पोती लादलेल्या गाड्या येतात, वळणावर एखादं पोतं फुटतं, आणि रस्ताभर हिरव्या शेंगा सांडतात. गायींची चंगळ होते. मग घरोघरी उन्हात चादर पसरायची, मधे ढीग ओतायचा आणि बायकांनी भोवती बसायचं. अंगठ्याने दाबली की शेंग टच् करून उघडते. नख हिरवं होतं आणि हाताला कच्चा गोड वास लागतो, साबणाने धुतला तरी दुपारपर्यंत जात नाही. लोक म्हणतात वय झालं की राग निवतो. माझा नाही निवला. तो या वासात राहतो, आणि दर हिवाळ्यात ताजा होऊन येतो.

गेल्या रविवारी चर्चमध्ये बाहेरगावचा एक तरुण उपदेशक आला होता. छान कोट, छान आवाज. म्हणाला, कोणी तुम्हाला नाकारलं तर रडू नका, आभार माना, कारण तो नकार देवानेच पाठवलेला असतो. लोक आमेन म्हणाले. मी मागच्या बाकावर होते, माझे कान तापले. वाटलं विचारावं, बेटा, तुला कोणी नाकारलं होतं? कधी? आणि तेव्हा तू आभार मानले होते का? पण मी अशी उठून बोलत नाही. मी घरी आले आणि मटर सोलायला बसले.

माझी नात रिया शेजारी बसली. नाताळनंतर तिचं लग्न आहे, येत्या रविवारी तिची पहिली पुकार. तिला मराठी सगळी कळते, पण तोंडातून हिंदीच निघते. म्हणाली, "आजी, वो जो पूछते हैं न, किसी को हरकत है क्या... कोई सच में खड़ा होता है?"

"होतं कधी कधी," मी म्हटलं.

"कौन?"

"शेंगा सोल."

तिला नाही सांगितलं, म्हणून इथे लिहिते.

आमच्यात लग्न ठरलं की पाळकसाहेब तीन रविवार भर उपासनेत मुलाचं आणि मुलीचं नाव वाचतात. याला पुकार म्हणतात. अमक्याचा मुलगा, अमक्याची मुलगी, यांचं लग्न योजलं आहे, कोणाची काही हरकत असेल तर त्याने आत्ताच सांगावी. मग पाळकसाहेब थोडं थांबतात. तेवढ्यात कोणीतरी खोकतं, एखादं पोर किरकिरतं, आणि झालं. हरकत कोणी घेत नसतं. ते विचारणं म्हणजे जेवून उठलेल्या पाहुण्याला "अजून एक पोळी?" विचारण्यासारखं आहे.

मी एकोणीस वर्षांची होते. नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होते ते दिवस संपून काही वर्षं झाली होती. कोणीतरी नकाशावर रेघ ओढली, आणि आमचे सगळे काके-मामे रेघेच्या पलीकडे गेले. बाबा फॅक्टरीत लागलेले, म्हणून आम्ही अलीकडे राहिलो. इथे मराठी ख्रिस्ती घरं बोटावर मोजण्याइतकी. हिंदी उपासना संपली की मग दुपारी आम्हाला चर्च मिळायचं. आम्ही बसायचो तेव्हा बाकं आधीच्या लोकांनी गरम केलेली असायची. अशा छोट्या मंडळीत लग्नाच्या वयाचा मुलगा एखादाच असतो, आणि त्याची आई त्याच्याकडे असं बघते जसा कापडवाला शेवटच्या ताग्याकडे.

तो मुलगा प्रकाश. त्याचे वडील मनोहरकाका मंडळीचे पंच होते, आणि प्रकाश गायकांमध्ये उभा राहायचा. मागणी त्यांनीच घातली. नुकता मटर निघाला होता. प्रकाशची आई, सुमतीकाकू, आमच्या चादरीवर येऊन बसल्या आणि माझ्या आईबरोबर सोलायला लागल्या. आईने आधीच सांगून टाकलं, "पोरगी चौथीच शिकली आहे हं बाई."

"तर काय झालं? आम्हाला काय कलेक्टर करायचं आहे तिला?" काकू हसल्या.

प्रकाशच्या हातातही शेंगा दिल्या होत्या. त्याला सोलता येत नव्हतं, दाणे उडून अंगणभर. एक अगदी कोवळी शेंग निघाली, जिच्यात दाणे अजून डोळे मिटून असतात. ती त्याने न सोलता माझ्या सुपात ठेवली आणि म्हणाला, "ही अशीच खायची." मी मान वर केली नाही. पण ती शेंग मी सालासकट खाल्ली, आणि महिनाभर त्याच एका शेंगेवर जगले.

जाताना मनोहरकाका बाबांना बाजूला घेऊन म्हणाले, "हुंडा-बिंडा आम्ही घेत नाही, योहानभाऊ. आपण प्रभूची माणसं. फक्त वरच्या खोलीवर छत टाकलं नाही अजून. राहणार तर तुमचीच पोरगी आहे. उसने समजा."

"हो जी," बाबा म्हणाले. बाबा सगळ्यांनाच हो जी म्हणायचे. त्यांनी फंडातले पैसे काढले. म्हातारपणासाठी ठेवलेले होते, तेवढेच होते. महाराजपूरच्या वाटेवर त्या लोकांचं घर होतं. पंधरा दिवसांत वरच्या खोलीवर छत टाकून झालं. मी लांबून पाहिलं. ओलं सिमेंट, त्यावर पाणी साचवायला मातीचे बांध, आणि कडेला बसलेला कावळा. माझं घर, असं मी मनात म्हटलं, आणि मलाच लाज वाटली.

नाताळच्या आधीच्या रविवारी पहिली पुकार झाली. माझं नाव चर्चमध्ये एवढ्या मोठ्याने कधीच कोणी घेतलं नव्हतं. नाताळनंतरच्या रविवारी दुसरी. नव्या वर्षाच्या पहिल्या रविवारी तिसरी व्हायची होती. तिसऱ्या पुकारीला मुलीच्या घरचे सगळ्या मंडळीला काहीतरी खाऊ घालतात. आईने मटरच्या करंज्या केल्या, तेलाचा मोठा डबा भरून. "हंगामाचा मटर सोडून रव्याच्या मागे काहून लागायचं?" ती म्हणाली. दोन दिवस आम्ही सोलत होतो. माझे दोन्ही अंगठे हिरवे.

त्या रविवारी पाळकसाहेबांनी सूचना वाचल्या. बायकांची सभा, खिडकीच्या काचांसाठी वर्गणी, आजारी माणसांची नावं. मग त्यांनी कागदाची घडी केली, एकदा माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाले, "आपण प्रार्थना करू."

मला वाटलं विसरले. बाबा अर्धे उठले, त्यांना आठवण करून द्यायला. तेव्हा मी गायकांकडे पाहिलं. प्रकाशची जागा रिकामी होती. मनोहरकाकांचं बाक रिकामं होतं. आणि सगळ्या माना, एकेक करून, आमच्याकडे वळल्या. बाबा तसेच अर्धे उभे होते. त्यांना बसता येईना आणि उभंही राहता येईना.

उपासना संपल्यावर बाबा म्हणाले, "चल घरी."

"काहून?" आई म्हणाली. "चोरी केली का आपण?" तिने दाराशी डबा उघडला आणि येईल त्याच्या हातावर करंजी ठेवली. "घ्या. यंदाचा मटर लई गोड आहे." कोणाला नाही म्हणता येईना. लोकांनी खाल्ल्या! एक बाई चावता चावता मला म्हणाली, "देव करतो ते भल्यासाठीच करतो." आणि घरच्या पोरासाठी म्हणून तिने दुसरी घेतली. पहिली मी तिला कधीच माफ केली. दुसरीचा राग अजून आहे.

सोमवारी मनोहरकाका आले. खुर्चीवर टेकले, पाणीही प्यायले. म्हणाले, "आम्ही घरात सगळ्यांनी गुडघे टेकून प्रार्थना केली, योहानभाऊ. प्रभूनेच दाखवलं, की हे लग्न त्याच्या इच्छेत नाही."

बाबांनी पाण्याचा रिकामा पेला उचलला. मग म्हणाले, "आम्हाला नाही दाखवलं जी."

"प्रभूची वेळ वेगळी असते."

"अच्छा. दोन पुकारी होईपर्यंत थांबला म्हणा तो." हे आई आतून बोलली.

काका उठले. दारात बाबांनी विचारलं, खालच्या आवाजात, जसे काही बाबाच मागणारे भिकारी, "आणि ते छताचे...?"

"देऊ न. पळून चाललो का आम्ही?"

आठवडा गेला नाही तोच कळलं. मुलींच्या शाळेत एक मास्तरीण नवी आली होती, मराठी, ख्रिस्ती, पगारदार. प्रभूने दाखवलं होतं ते तिच्या पगारासकट दाखवलं होतं.

मला सांगा, हे काय आहे? मला नको म्हणायचं तर म्हणा. चौथी शिकलेली नको, काळी नको, तोंड उघडत नाही म्हणून नको. माणूस माणसाला नको म्हणू शकतो, त्याने छाती फुटत नाही. पण स्वतःच्या नकाराला देवाची सही काहून करता? मी तर एका मुलाला नको झाले होते. यांनी मला सांगितलं की तू देवाला नको आहेस. एकोणीस वर्षांच्या पोरीला हे सांगून, पाणी पिऊन, चपला घालून माणूस निघून गेला. आणि प्रकाश? त्याला तोंड होतं. दर रविवारी ते उघडून तो सगळ्यात वरचा सूर लावायचा. आमच्या दारात येऊन दोन शब्द बोलायला मात्र ते उघडलं नाही.

त्या दिवसांत मला प्रार्थना येईना. चर्चमध्ये सगळे "हे आमच्या बापा" म्हणायचे आणि मी नुसते ओठ हलवायची. बाप म्हणे! बापाने कोणाच्या कानात सांगितलं, तर मनोहरकाकांच्या? एक दिवस उन्हात चादरीवर बसून मी मोठ्याने भांडले. ढिगातली एकेक शेंग फोडत होते आणि वर बघून बोलत होते, काय वाटेल ते. आई डाळ निवडत होती. मला वाटलं ती रागावेल. ती म्हणाली, "बोल. त्याला सवय आहे ऐकायची. यांच्यापेक्षा तर तू खरं बोलून राहिली."

तेव्हा मला आठवलं की प्रभूलाही त्याच्याच गावाने नको म्हटलं होतं. सुताराचा पोरगा, हा काय शिकवणार, म्हणून त्याला गावाबाहेर कड्यापर्यंत ढकलत नेलं होतं. हे मी लहानपणापासून ऐकत होते, पण ऐकलं त्या दिवशी. त्याने त्या लोकांचे आभार मानले नाहीत. ही माझ्या बापाची इच्छा आहे, असं म्हणून तो कड्यावरून उडीही मारून बसला नाही. तो त्यांच्यामधून सरळ चालत निघून गेला. मला फार बरं वाटलं. म्हणजे तो ढकलणाऱ्यांच्या बाजूला नव्हता, ढकललेल्यांच्या बाजूला होता. मनोहरकाकांनी देवाचं नाव घेतलं होतं, पण देव त्यांच्या घरी बसलेला नव्हता. तो आमच्या चादरीवर होता, सालं आणि दाणे यांच्या मधे कुठेतरी.

एवढं कळलं, आणि रडू थांबलं. राग थांबला नाही. आता तर तो नीट उभा राहिला.

बाबा दोनदा महाराजपूरला जाऊन आले. एकदा काका घरी नव्हते. एकदा होते, पण चहा मिळाला, पैसे नाही. मग बाबा पाळकसाहेबांकडे गेले. मीही गेले होते, बाबांच्या मागे, दाराला टेकून. पाळकसाहेब वाईट नव्हते, घाबरट होते. पंचांशी वाकडं घेऊन त्यांना कुठे जायचं होतं? ते म्हणाले, "योहानभाऊ, आपण ख्रिस्ती आहोत. क्षमा करा. विषय वाढवू नका."

"हो जी," बाबा म्हणाले.

मी वाटभर धुमसत होते. क्षमा आम्हीच काहून करायची, आणि छत त्यांनीच काहून ठेवायचं? पवित्र शास्त्रातला तो झाडावर चढून बसलेला बुटका जकातदार तर प्रभू घरी आल्याबरोबर उठून उभा राहिला आणि ज्याचं लुबाडलं त्याला चौपट देतो म्हणाला. चौपट! आम्ही तर एकपटच मागत होतो. आणि प्रभूने त्याला असं म्हटलं नाही की राहू दे, लोक क्षमा करतील. वाटेत ते घर लागलं. छत वाळून पांढरं झालं होतं. त्यावर कोणाच्या तरी लग्नाच्या पापडांची आरास मांडलेली होती. बाबांनी मान वळवली आणि सायकलचं चाक बघत चालत राहिले.

मटर अजून संपला नव्हता. एकाच हंगामात, त्याच चर्चमध्ये, त्याच मुलाचं नाव दुसऱ्या मुलीबरोबर वाचलं गेलं. उपासाच्या दिवसांत आमच्यात लग्नं होत नाहीत, ते लागायच्या आत त्यांना लग्न उरकायचं होतं. पहिल्या पुकारीला पाळकसाहेबांनी विचारलं, "कोणाची काही हरकत?" मी उठायला पुढच्या बाकाची कड धरली. मी बसून राहिले. कोणीतरी खोकलं, आणि झालं.

तो आठवडा मी एकच मागणं मागितलं. मला नवरा दे म्हटलं नाही. त्याचं वाटोळं कर असंही म्हटलं नाही. फक्त म्हटलं, माझ्या पायात येऊन उभा राहा, बोलायचं मी बघते.

दुसऱ्या पुकारीच्या रविवारी "कोणाची काही हरकत?" झालं, आणि मी उभी राहिले. आईने पदर ओढला. मी तो तिच्या हातात राहू दिला आणि तशीच उभी राहिले.

पाळकसाहेबांना आधी दिसलंच नाही. मग दिसलं. "काय झालं, बेटा?"

"हरकत आहे," मी म्हटलं. माझा आवाज मला ओळखू आला नाही.

मनोहरकाका पुढच्या बाकावरून वळले. "खाली बस. काय तमाशा लावला आहे?"

"लग्नाला हरकत नाही," मी म्हटलं. "ती बाई चांगली आहे, तिचं भलं होवो. पण ज्या छताखाली ती राहणार आहे ते माझ्या बाबाच्या पैशाचं आहे. ते आधी परत करावे."

"ही काही हरकत होत नाही!" काका ओरडले. "पाळकसाहेब, पुढचं घ्या."

पाळकसाहेबांनी पुस्तकात पाहिलं, जसं काही तिथे लिहिलेलं असेल. तेवढ्यात मागच्या बाकावरून काठी वाजली. रूथआजी. मंडळीत सगळ्यात म्हातारी, ऐकू कमी यायचं, पण त्या दिवशी सगळं ऐकू आलं. "बोलू दे न तिला," ती म्हणाली. "तूच तर विचारलं रे, हरकत आहे का म्हणून. मंग? दर वेळी नुसता विचारून राहिला का तू?"

कोणीतरी हसलं. मग कोणी हसलं नाही. पाळकसाहेबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "हरकत ऐकली आहे. तिचा निकाल लागेपर्यंत तिसरी पुकार होणार नाही." मला वाटतं त्या माणसालाही त्या दिवशी पाय मिळाले.

मी बसले तेव्हा लक्षात आलं की बाबा माझ्या शेजारी उभे होते. केव्हा उठले कोण जाणे. या वेळी अर्धे नव्हते, पूर्ण उभे होते.

मग माझंही लग्न झालं, रेल्वेतल्या एका साध्या माणसाशी. त्याला माझी ही गोष्ट ठाऊक होती. तो म्हणायचा, हिच्याशी भांडायचं तर बसून भांडावं, उभी करू नये. ती मास्तरीण पुढे बायकांच्या सभेत माझ्याच बाकावर बसायची. एकदा तिने हळूच विचारलं, "त्या दिवशी पाय नव्हते कापले?" मी म्हटलं, "कापले न. साडी असते म्हणून दिसत नाही." दोघी तोंडाला पदर लावून हसलो. तिचा राग मी कधी केला नाही. त्या छताचाही मग केला नाही.

त्या उपदेशक पोराला मी एवढंच सांगेन. नकार माणसं देतात. देव त्या वेळी कुठे असतो ते नकार देणाऱ्याला विचारू नये. आणि क्षमा मी केली आहे, अगदी मनापासून केली आहे. पण आधी हरकत घेतली, मग केली. रियाला सांगेन कधीतरी. मटर आहे तोवर सांगेन.

त्या हरकतीचा निकाल सांगायचा राहिला. तिसऱ्या पुकारीच्या रविवारी उपासनेच्या आधी पाळकसाहेबांच्या खोलीत आम्हाला बोलावलं. मनोहरकाका, सुमतीकाकू, बाबा, आई आणि मी. काकांनी रुमालातून नोटा काढल्या, टेबलावर ठेवल्या आणि माझ्याकडे न बघता बाबांना म्हणाले, "थोडे कमी आहेत. बाकीचे पुढच्या महिन्यात."

बाबांच्या तोंडात "हो जी" येऊन बसलं होतं. मला दिसत होतं.

"मग पुकारही पुढच्या महिन्यात," मी म्हटलं.

बाहेर लोक येऊन बसायला लागले होते, बाकं सरकल्याचे आवाज येत होते. सुमतीकाकूंनी कमरेचा बटवा सोडला, उरलेले काढले आणि टेबलावर ठेवताना एकदाच माझ्याकडे पाहिलं. बाबांनी नोटा उचलल्या, सरळ केल्या आणि खिशात घातल्या. आभार मानले नाहीत.

उपासनेत पाळकसाहेबांनी दोघांची नावं वाचली आणि विचारलं, "कोणाची काही हरकत?" सगळं चर्च मान वळवून माझ्याकडे बघायला लागलं. पाळकसाहेबही थांबले, नेहमीपेक्षा जास्त थांबले.

मी बसून राहिले. पैसे पुरते परत आले होते.